पारंपरिक अँग्लिकन मंडळी: श्रद्धा आणि उपासनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौदाच्या मनोऱ्याखालून रोज जाणारे, इंग्लंडला शिकायला गेल्यावर कुतूहलाने तिथल्या चर्चमध्ये डोकावणारे, वसईकडचे कॅथलिक सोयरे आणि टाळ्यांच्या गजरात उपासना करणाऱ्या मंडळ्यांतले मित्र, अशा चारही बाजूंनी प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. ‘पारंपरिक’ म्हणजे इथे १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे (‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’, इंग्लंडच्या चर्चचं ठरलेल्या उपासनांचं पुस्तक) उपासना चालवणारी मंडळी. आज सगळे अँग्लिकन तसं करत नाहीत. इंग्लंडातही बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी नव्या भाषेतली विधिपुस्तकं वापरतात.

१. अँग्लिकन म्हणजे कॅथलिक की प्रोटेस्टंट?

सोळाव्या शतकात पोपच्या अधिकारातून बाहेर पडलेलं इंग्लंडचं चर्च आणि त्याच्यापासून जगभर उभी राहिलेली चर्चं म्हणजे अँग्लिकन. पोपशी फारकत, लोकांच्या भाषेत उपासना, पवित्र शास्त्राचा शब्द अखेरचा, हे सगळं प्रोटेस्टंट. पण बिशप, प्रीस्ट आणि डीकन ही तीन पदं, वर्षभराचं सणांचं चक्र, झगे, गुडघे टेकणं, हे जुन्या चर्चकडून आलं तसंच ठेवलं. म्हणून वसईचा माणूस आत आला तर त्याला अर्धं ओळखीचं वाटतं, आणि नगरच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतला आला तर त्यालाही अर्धं ओळखीचं वाटतं. फक्त दोघांचे अर्धे वेगळे.

२. हे चर्च आठव्या हेन्रीने दुसरं लग्न करता यावं म्हणून काढलं ना?

हेन्रीला कॅथरिनशी झालेला विवाह रद्द करून हवा होता, पोपने तो करून दिला नाही, आणि १५३४ मध्ये पार्लमेंटने राजाला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवलं. एवढं खरं आहे आणि ते झाकण्यात काही अर्थ नाही. पण १५४७ मध्ये हेन्री वारला तोपर्यंत उपासना मुख्यतः लॅटिनमध्येच चालत होती आणि प्रभुभोजनाबद्दलची, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीबद्दलची, त्याची मतंही जुनीच होती. चर्चला स्वतःचं रूप आलं ते त्याच्यामागून. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर असताना आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ मध्ये पहिलं इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणलं आणि १५५२ मध्ये ते आणखी प्रोटेस्टंट वळणाचं केलं. एडवर्डनंतर मेरी राणीने सगळं फिरवून पोपशी पुन्हा नातं जोडलं. १५५६ मध्ये क्रॅन्मर यांना ऑक्सफर्डला जिवंत जाळण्यात आलं. त्याआधी कैदेत असताना त्यांनी आपली मतं मागे घेत असल्याचं लिहून दिलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी ते सर्वांसमक्ष नाकारलं आणि ज्या हाताने सही केली तो उजवा हात आधी ज्वाळेत धरला. मेरीनंतर राणी झालेल्या एलिझाबेथने १५५९ मध्ये पुस्तक परत आणलं. १६६२ चं पुस्तक हे त्याचंच सुधारलेलं रूप.

राजाचं लग्न हे निमित्त झालं. ज्या प्रार्थना आम्ही आजही म्हणतो त्यांच्यामागे तो हात आहे.

३. मग तुम्ही नेमकं मानता काय?

देव एकच, आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा त्रैक्यात आहे. येशू ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य आहे, तो आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि न्याय करायला पुन्हा येईल. प्रेषितांचा, नायसियाचा आणि अथनेशियसचा या तीन प्राचीन मतांगीकारांत, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुल्यांत, हे सगळं आलं आहे. यात नवं काही नाही, आणि नवं काही असू नये हाच अँग्लिकन आग्रह. तारणासाठी जे लागतं ते सगळं पवित्र शास्त्रात आहे. जे तिथे सापडत नाही किंवा त्यावरून सिद्ध करता येत नाही ते कोणावरही श्रद्धेची अट म्हणून लादायचं नाही, असं इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस श्रद्धाकलमांपैकी सहावं कलम सांगतं. ही कलमं १५७१ मध्ये पक्की झाली.

पण कलमं वाचून ही मंडळी कळायची नाही. लुथरन लोकांना लूथर आहे, प्रेस्बिटेरियनांना कॅल्व्हिन. आमच्याकडे असा एक आचार्य नाही. आहे ती सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना. अँग्लिकन माणूस काय मानतो हे विचारत बसण्यापेक्षा तो गुडघ्यावर असताना काय म्हणतो ते ऐकावं. खालच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या प्रश्नांत त्याचीच उदाहरणं आहेत.

४. छापील प्रार्थना वाचून दाखवायच्या, मग त्यात मन कुठे?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. वारकरी रोज तोच हरिपाठ म्हणतो. शब्द ठरलेले आहेत म्हणून त्याचा भाव खोटा आहे असं आपण कधी म्हणत नाही.

ठरलेली प्रार्थना पाळकाच्या वक्तृत्वावर किंवा त्या दिवशीच्या त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते. आणि आपल्याला आपणहून जे कधी सुचलं नसतं तेही ती म्हणायला लावते. सकाळच्या उपासनेतला पापांगीकार घ्या. जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, हे त्यात आधी येतं. जे करायला नको होतं ते केलं, हे नंतर. आजारी माणसाला भेटायला जायचं टाळलं, बहिणीशी अबोला तसाच राहू दिला, देणं लागत होतो ते पुढे ढकललं. स्वतःच्या शब्दांत क्षमा मागताना माणूस आपण केलेल्या गोष्टी मोजतो. न केलेल्या गोष्टींकडे लक्ष जात नाही. हे पुस्तक दर वेळी तिथूनच सुरुवात करायला लावतं.

स्तोत्रांचंही तसंच. बायबलमधली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत. पंधराव्या दिवशी संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं लांबच लांब स्तोत्र येतं, मग तुम्ही दमलेले असा नाहीतर घाईत. आनंद, संताप, शाप, आभार, सगळं आपापल्या तारखेला येतं. आपल्याला आज काय वाटतंय हे बघून स्तोत्र निवडायचं नसतं, आणि मला वाटतं हेच त्यातलं मोठं औषध आहे. आपण सुखात असतो त्या दिवशी आपल्या तोंडून दुसऱ्या कोणाचा तरी आक्रोश म्हटला जातो.

शिवाय पाठांतर. वर्षानुवर्षं तेच शब्द म्हटले की ते हाडीमांसी मुरतात. स्मृती गेलेली, लेकरांची नावंही न आठवणारी वृद्ध माणसं प्रभूची प्रार्थना सुरू झाली की ओठ हलवू लागतात. आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या कुठल्याही पाळकाने हे पाहिलेलं असतं.

घरी आपल्या शब्दांत प्रार्थना करायला अर्थातच कोणाची मनाई नाही.

५. रविवारी प्रभुभोजनाच्या उपासनेत क्रमाने काय होतं? मी कधी उठू, कधी बसू?

सुरुवातीला पाळक एकटाच प्रभूची प्रार्थना म्हणतो. मग ज्याच्यासमोर सर्व अंतःकरणं उघडी आहेत आणि ज्याच्यापासून कोणतंच गुपित लपत नाही अशा देवाला, आमच्या मनातले विचार शुद्ध कर, अशी विनवणी. त्यानंतर दहा आज्ञा वाचतात, आणि प्रत्येक आज्ञेनंतर लोक दया मागतात व ती पाळण्याकडे आमचं मन वळव असं म्हणतात. नव्या विधिपुस्तकांत हा भाग बहुधा गाळलेला असतो. माझ्या मते ते नुकसान आहे, कारण पुढे जी क्षमा ऐकायची ती कशाची हे इथे कळतं.

मग त्या दिवसाची छोटी प्रार्थना, पत्रांतला उतारा, शुभवर्तमान, नायसियाचा मतांगीकार, प्रवचन, दानार्पण आणि साऱ्या ख्रिस्तमंडळीसाठी मध्यस्थी. पापांगीकार गुडघ्यावर. पाळक उभा राहून क्षमा जाहीर करतो आणि लगेच शास्त्रातली दिलासा देणारी चार वचनं वाचतो. भोजनाआधी एक प्रार्थना येते: आमच्या नीतिमत्त्वावर विसंबून आम्ही तुझ्या मेजाशी आलेलो नाही, मेजाखालचा चुरा गोळा करण्याचीही आमची लायकी नाही. मुलीसाठी येशूकडे याचना करणाऱ्या त्या परराष्ट्रीय आईच्या तोंडचे हे शब्द, तिच्याकडून घेतलेले. क्षमा जाहीर झाल्यानंतर हे म्हणायचं असतं, हे ध्यानात घ्या. क्षमा मिळाली म्हणून ताठ मानेने मेजाशी जायचं नाही.

‘परमोच्च स्वर्गात देवाला गौरव’ हे गीत बहुतेक विधींत आरंभी असतं. इथे ते भोजनानंतर, अगदी शेवटी गातात. घेतल्यावर गायचं.

उठण्या-बसण्याची चिंता करू नका. साधारणपणे गाताना, शुभवर्तमान वाचताना आणि मतांगीकाराला उभं राहतात, प्रार्थनेला गुडघे टेकतात, बाकी वेळ बसतात. गुडघे दुखत असतील तर बसून राहा.

६. भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात का?

भाकरीचं मूळ द्रव्यच पालटतं ही रोमन शिकवण अठ्ठाविसावं कलम नाकारतं. पण ही नुसती आठवण आहे असंही म्हणत नाही: ख्रिस्ताचं शरीर दिलं जातं आणि घेतलं जातं, ते स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने, आणि ते घेण्याचं साधन म्हणजे श्रद्धा.

याची खरी गोष्ट भाकर देतानाच्या वाक्यात आहे. १५४९ च्या पुस्तकात पाळक म्हणायचा की तुझ्यासाठी दिलेलं आपल्या प्रभूचं शरीर तुझा देह व आत्मा सार्वकालिक जीवनासाठी राखो. १५५२ मध्ये हे काढून नवं वाक्य घातलं: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या स्मरणार्थ हे घे आणि खा, आणि आभार मानत श्रद्धेने आपल्या अंतःकरणात त्याच्यावर पोषण कर. एका पिढीने या दोन वाक्यांतल्या फरकापायी माणसं जाळलेली पाहिली. १५५९ मध्ये दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडली गेली, आणि आजही रांगेत गुडघे टेकलेल्या प्रत्येकाला ती सलग ऐकू येतात. याला कोणी तडजोड म्हणतात. मला ते शहाणपण वाटतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि हात पुढे केलेल्या माणसाला दोन्हींची गरज असते.

आणखी एक खूण. आशीर्वादित भाकर व द्राक्षारस उरला तर तो स्वच्छ कापडाने झाकून ठेवायचा आणि उपासना संपल्यावर तिथेच आदराने संपवायचा, बाहेर न्यायचा नाही, असा पुस्तकाचा नियम आहे. नुसत्या खुणेला इतकं कोण जपतं?

७. मी हिंदू आहे. आत आलो तर चालेल का? भाकर घेऊ का?

जरूर या; दार सर्वांना उघडं असतं आणि कोणी नाव-गाव विचारत नाही. भाकर मात्र घेऊ नका. आपल्याकडे प्रसादाला नाही म्हणत नाहीत, म्हणून कितीतरी भले लोक आदरापोटीच हात पुढे करतात. पण हा वाटण्याचा प्रसाद नाही. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्ताशी बांधून घेण्याचं हे भोजन आहे. जागेवर बसून राहणं मुळीच वावगं दिसत नाही. बऱ्याच ठिकाणी छातीवर हात दुमडून पुढे गेलात तर पाळक आशीर्वाद देतो.

इतर ख्रिस्ती लोकांसाठी: १६६२ चं पुस्तक दृढीकरण (प्रश्न १५) झालेल्यांना, किंवा त्यासाठी तयार असलेल्यांना, भोजनाला घेतं. आज इंग्लंडच्या चर्चमध्ये आपापल्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेणारे बाप्तिस्माप्राप्त लोक घेऊ शकतात. कॅथलिकांना त्यांच्याच चर्चचा नियम आडवा येतो. त्यांना आग्रह करू नये.

८. लंडनला संध्याकाळच्या उपासनेला गेलो, तर जवळजवळ सगळं गायकवृंदच गात होता. लोक नुसते बसले होते. ही कसली उपासना?

तिला इव्हनसाँग म्हणतात. मठांमध्ये दिवसाचे अनेक प्रार्थनाप्रहर असत. क्रॅन्मर यांनी ते सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन उपासनांत आणले, म्हणजे शेतकरी आणि दुकानदारालाही ते पाळता यावेत. संध्याकाळी स्तोत्रं, जुन्या करारातला पाठ, मरीयेचं गीत, नव्या करारातला पाठ, वृद्ध शिमोनाचं गीत, मतांगीकार आणि प्रार्थना असा क्रम. अखेरच्या प्रार्थनांत ‘आमचा अंधार उजळ’ अशी रात्रीसाठीची विनवणी येते.

गावच्या लहान चर्चमध्ये हे सगळं लोकच म्हणतात. कॅथेड्रलमध्ये गायकवृंद ते साऱ्यांच्या वतीने गातो, आणि ऐकणं हाच तिथला सहभाग. बीबीसी रेडिओ १९२६ पासून ही उपासना प्रक्षेपित करत आला आहे. परीक्षा, नोकरी, घरची आठवण यांनी पिचलेल्या कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांना ही पाऊण तासाची शांतता आधार देते. तिकीट नसतं.

९. मरीया, संत, धूप, मेणबत्त्या यांचं काय?

मंडळीगणिक फरक पडतो. प्रार्थनापुस्तकात प्रेषितांचे आणि मरीयेचे दिवस आहेत, पण त्या दिवशीची प्रार्थनाही देवालाच उद्देशून असते. संतांचा धावा करणं बाविसावं कलम नाकारतं. १८३३ मध्ये ऑक्सफर्डमधून चर्चच्या प्राचीन वारशाकडे वळण्याची एक चळवळ उठली. तिच्या प्रभावाखालच्या मंडळ्यांत पुढे धूप, रंगीत वस्त्रं आणि मठवासी संघ परत आले. १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळ काउली इथे स्थापन झालेला फादर्सचा संघ त्याच वळणाचा, आणि मुंबई-पुण्यात तो पोचल्यामुळे आपल्याकडच्या अँग्लिकन उपासनेला बराचसा तोच सूर लागला. उलट इंग्लंडात पांढरा झगा, काळी पट्टी आणि साधं मेज एवढ्यावर भागवणारी मंडळीही तितकीच पारंपरिक असते.

१०. पाळकाजवळ जाऊन पाप कबूल करावं लागतं का?

सक्ती नाही, क्षमेची घोषणा उपासनेतच होते (प्रश्न ५). मन फारच जड असेल तर एकट्याने कबुली देण्याची सोय पुस्तकात आहे, आजाऱ्याच्या भेटीच्या विधीत.

११. पोप नाही, मग प्रमुख कोण? ब्रिटनचा राजा?

राजा फक्त इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च शासक आहे, आणि तेही उपासना चालवणारा म्हणून नव्हे. बाकी अँग्लिकन चर्चांशी त्याचा संबंध नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपना सगळीकडे मान आहे, हुकूम मात्र त्यांच्याच प्रांतात चालतो. जगभरचे बिशप १८६७ पासून लँबेथ परिषदेत भेटतात. तिचे ठराव सल्ल्याचे असतात. यामुळे भांडणं मिटत नाहीत हे खरं आहे (पुढचा प्रश्न पाहा).

१२. पाळक लग्न करतात का? आणि स्त्रिया पाळक होतात का?

लग्नाला बत्तिसाव्या कलमाची मोकळीक आहे.

स्त्रियांच्या दीक्षेवर एकमत नाही. फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना १९४४ मध्ये हाँगकाँगच्या बिशपांनी दीक्षा दिली. इंग्लंडात १९९४ पासून स्त्रिया प्रीस्ट आणि २०१५ पासून बिशप आहेत. ज्यांना हे प्रेषितांच्या परंपरेत बसत नाही असं वाटतं त्यांच्यासाठी इंग्लंडच्या चर्चने वेगळ्या बिशपांची सोय ठेवली. अमेरिकेत या आणि नव्या प्रार्थनापुस्तकाच्या वादातून १९७७ मध्ये सेंट लुइसला परिषद भरली आणि तिच्यातून वेगळी चर्चं निघाली. मात्र जुन्या पुस्तकावर प्रेम करणारा प्रत्येक जण स्त्री पाळकांच्या विरोधात असतो असं समजू नका. मी तरी नाही. हेच पुस्तक हाती घेऊन उत्तम उपासना चालवणाऱ्या स्त्रिया आहेत.

१३. महाराष्ट्रात अँग्लिकन चर्च आहे का?

त्या नावाने बहुतेक ठिकाणी नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चं एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, उभं राहिलं. अँग्लिकन त्या सहांतले एक. जुन्या अँग्लिकन वास्तू आणि मंडळ्या आज सीएनआयमध्ये आहेत: मुंबईच्या फोर्टातलं १७१८ साली सुरू झालेलं सेंट थॉमस (किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जायचे त्यावरूनच चर्चगेट स्टेशनाचं नाव), कुलाब्याचं १८५८ चं अफगाण चर्च, पुण्याचं पंचहौद.

पंचहौद मराठी वाचकाला आठवतं ते १८९० च्या चहामुळे. तिथल्या मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतरांपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं. पण या परंपरेशी आपलं नातं चहापुरतं नाही. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे हे अँग्लिकन धर्मगुरू होते, आणि काउली फादर्सशी त्यांचा जवळचा संबंध होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे अँग्लिकन मठवासी स्त्रियांकडे, मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्या अधिकार आणि त्रैक्य यांवर निर्भीडपणे वाद घालत राहिल्या. ती पत्रं प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने वाचावीत.

१४. मराठीत ही उपासना होते का, की सगळं इंग्रजी वळणाचं?

प्रार्थनापुस्तक एकोणिसाव्या शतकातच मराठीत आलं. अमेरिकन मिशनच्या ना. वा. टिळकांची भजनं आता अँग्लिकन वळणाच्या मंडळ्याही आपलीच म्हणून गातात. नगरचे मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला, आणि १९२३ मध्ये मुंबई धर्मप्रांतात केरळच्या सुरियानी परंपरेचा आधार घेतलेला प्रभुभोजनाचा विधी वापरात आला. क्रॅन्मर यांनी इंग्लिश लोकांसाठी केलं तेच हे होतं: ज्या लोकांची प्रार्थना त्यांच्या जिभेवर.

१५. न कळत्या बाळाला बाप्तिस्मा देऊन काय उपयोग?

बाळाने आधी काही करावं आणि मग देवाने त्याला घ्यावं असा हा क्रम नाही. देव आधी घेतो. बाळाच्या वतीने धर्ममाता-पिता वचन देतात. मुलाला दोन धर्मपिते व एक धर्ममाता, मुलीला दोन धर्ममाता व एक धर्मपिता. मूल जाणतं झालं की बिशपच्या हस्ते दृढीकरणाच्या वेळी ते वचन स्वतःच्या तोंडाने घेतं. नातेवाइकांचा मान म्हणून धर्मपिता निवडणं टाळावं. त्याने मुलाला प्रार्थना शिकवायची असते.

१६. गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करता का? दहन चालतं का?

१५४९ च्या पुस्तकात मृतांसाठी विनवणी होती, १५५२ मध्ये ती गेली. १६६२ चं पुस्तक श्रद्धेत निजलेल्यांबद्दल देवाचे आभार मानतं, पुढचं त्याच्यावर सोपवतं. धूप जाळणाऱ्या मंडळ्यांत (प्रश्न ९) २ नोव्हेंबरला मृतांची नावं वाचून प्रार्थना होते. आपल्याकडे प्रथा पुरण्याची असली तरी इंग्लंडात दहन सर्रास होतं, आणि चर्चचा त्याला विरोध नाही.

१७. मला लहानपणी बाप्तिस्मा दिला होता की नाही तेच ठाऊक नाही. आजी सांगायची, पण नोंद सापडत नाही. पुन्हा घ्यावा का?

आधी कसून शोधा: मंडळीची जुनी रजिस्टरं, आजीच्या गावचं चर्च, धर्ममाता-पित्यांपैकी कोणी हयात असेल तर ते. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कुठल्याही चर्चचा असला तरी तो झालेलाच असतो. मरणाच्या दारातल्या बाळाला घरीच घाईने दिलेलाही पुस्तक मान्य करतं. त्यामुळे दुसऱ्यांदा कधीच देत नाहीत. सगळीकडे शोधूनही शंका राहिलीच, तर त्यासाठी पुस्तकात एक वाक्य दिलेलं आहे. पाळक तुमच्या डोक्यावर पाणी घालताना म्हणतो, ‘तुझा बाप्तिस्मा आधी झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो.’